किल्ली कुठे राहिली

प्रिय पोरी,

तुझा मेल आणि सोबतची पटकथेची अठरा पानं परवा रात्री वाचली. पटकथेबद्दल शेवटी लिहितो. आधी ‘ब्लू रुइन’ या अमेरिकी सूडपटाबद्दल, कारण तो बघ म्हणून मीच तुझ्या मागे लागलो होतो आणि तू सरळ लिहिलंस की तुला तो आवडला नाही. तुझं म्हणणं असं की नायक बावळट आहे, त्याला एक काम धड जमत नाही. सूड तर अर्ध्या तासाच्या आत घेऊन होतो, मग पुढचा सिनेमा कशासाठी? आणि संपल्यावर मोकळं वाटायचं सोडून पोटात गोळा आला.

पोरी, तुला जे दिसलं ते सगळं चित्रपटात आहे. एकही गोष्ट तुझ्या नजरेतून सुटलेली नाही. फक्त तू ती उणे बाजूला मांडलीस. ज्या गोष्टींसाठी तू त्याला नापास केलंस त्याच गोष्टींसाठी मी तो सहा वेळा पाहिलाय. आणि पोटात गोळा आला असं लिहिलंस ना, ते वाचून मला खरंच बरं वाटलं. म्हणजे चित्रपट तुझ्यापर्यंत पोचला. तो आवडला की नाही हे आपण नंतर ठरवू.

सूडकथा बघायची आपल्या डोळ्यांना एक सवय लागलेली असते. लहानपणी आईबापाचा खून पाहिलेला पोरगा मोठा होतो, आणि मोठं होता होता कुठेतरी त्याला सगळं यायला लागतं. गाडी हाणता येते, नेम धरता येतो, दहा जणांशी एकट्याने भिडता येतं, वर ऐन वेळी टाळ्यांचं वाक्यही सुचतं. हे सगळं तो शिकला कधी, असं आपण विचारत नाही. दुःखानेच शिकवलं असणार, असं धरून चालतो.

आता ‘ब्लू रुइन’च्या नायकाकडे, ड्वाइटकडे बघ. त्याच्याही आईवडिलांचा खून झालाय. त्या दुःखाने त्याला काय दिलं? वाढलेली दाढी, कळकट कपडे, आणि डेलावेअरच्या समुद्राकाठी उभी असलेली एक गंजकी निळी पॉन्टियाक. तिच्या पत्र्याला अजून गोळ्यांची भोकं आहेत. त्याच गाडीत तो राहतो. कचऱ्याच्या डब्यातलं उचलून खातो. कुणाच्या तरी रिकाम्या घरात शिरून टबात अंघोळ करतो आणि घरची माणसं परत आली की खिडकीतून पळ काढतो. पहिली काही मिनिटं संवाद जवळजवळ नाहीतच. तुला ती संथ वाटली. मला त्यात एक माणूस दिसतो जो त्या खुनाच्या दिवसापासून एक पाऊलही पुढे सरकलेला नाही. गाडीही तीच, आणि तोही त्यातच.

मग ती पोलीस अधिकारी बाई येते. तिला पुन्हा एकदा नीट बघ. गाडीच्या काचेवर टकटक होते तेव्हा आपल्याला वाटतं, आता हाकलणार. पण ती त्याला जपून ठाण्यात नेते, कारण ही बातमी ऐकताना तो एकटा नसावा असं तिला वाटतं. त्याच्या आईवडिलांच्या खुनासाठी आत गेलेला, वेड क्लीलँड नावाचा माणूस सुटणार आहे, ही ती बातमी. अख्ख्या चित्रपटातली सगळ्यात मायेची कृती ही, आणि पुढचं सगळं रक्त तिथून सुरू होतं. दिग्दर्शक त्यावर काही बोलत नाही, संगीतही चढवत नाही. बाई तिचं काम करून निघून जाते.

तिथून पुढे ड्वाइट कामाला लागतो. इथे ‘काम’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. आपल्याकडे सूड म्हटलं की आपण भावना धरतो: सुडाने पेटला, डूख धरला, रक्त उसळलं. जेरेमी सोल्निए या दिग्दर्शकाने सूड म्हणजे कामांची यादी धरली आहे. हत्यार मिळवायचं. माणूस शोधायचा. लपायचं. मारायचं. निसटायचं. रक्त धुवायचं. कपडे बदलायचे. या प्रत्येक कामाला कौशल्य लागतं, पैसा लागतो, आणि ड्वाइटकडे दोन्ही नाही.

पिस्तुलाचा प्रसंग आठव. बारच्या बाहेर उभ्या असलेल्या एका गाडीतून तो पिस्तूल चोरतो. हातात आल्यावर लक्षात येतं की चापाला कुलूप आहे. ते कुलूप तोडायच्या खटपटीत पिस्तूलच निकामी होतं. तू याला बावळटपणा म्हणालीस. मला तो प्रसंग पहिल्यांदा पाहताना माझं आजोळ आठवलं.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आजोळी शेजारच्या दोन चुलतभावांत बांधावरून वैर होतं, तीन पिढ्यांचं. एका थंडीत धाकट्याने ठरवलं की थोरल्याची कडब्याची गंजी पेटवून द्यायची. मध्यरात्री घोंगडं पांघरून गेला. पण दहिवर पडलेलं, काडेपेटी कमरेला खोचून शेतातून चालत गेलेला, पेटी सादळली. एक काडी ओढली, नुसता गूल गळून पडला. दुसरी ओढली, तेच. अशा सात काड्या त्याने वाया घालवल्या आणि घरी येऊन झोपला. सकाळी थोरला त्याच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला. हाताची मूठ बंद होती. त्याने ती उघडली आणि सात काड्या एकेक करून ओट्याच्या कडेवर मांडल्या. बोलला काहीच नाही, मागे वळून गेला. मी आणि मामेभाऊ दारातून बघत होतो. मला अजून त्या काड्या दिसतात, गूल गेलेल्या, टोकाशी किंचित तांबूस. त्या थंडीत दोन्ही घरची माणसं आपापल्या गंजीपाशी घोंगडी घेऊन झोपली. मार्गशीर्ष, पौष, माघ. आग लागलीच नव्हती, तरी तीन महिने कुणाचा डोळ्याला डोळा लागला नाही.

पिस्तुलाचं कुलूप बघताना मला ती सादळलेली काडेपेटी आठवली, म्हणून सांगितलं. खऱ्या आयुष्यात सूड घ्यायला निघालेली माणसं अशीच असतात. ज्याला मारामारीची सवय आहे त्याला सूड घ्यायला वीस वर्षं थांबावं लागत नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो, जो मला तू पुन्हा पाहायला हवा आहेस. क्लीलँडला तुरुंगातून न्यायला घरची मंडळी लिमोझिन घेऊन येतात. ड्वाइट मागावर. ते एका बारमध्ये जातात, हा आतल्या संडासात लपून बसतो, आणि चाकूने त्याला मारतो. मारणं जमतं, पण कसं जमतं ते बघ. धाप, धडपड, घसरणं, भलतीकडेच लागलेला वार. तिथून पळून बाहेर येतो. मागे कुणी लागू नये म्हणून लिमोझिनच्या टायरमध्ये चाकू खुपसतो आणि त्यात आपलाच हात चिरून घेतो. मग आपल्या पॉन्टियाकपाशी येतो. किल्ली नाही. झटापटीत कुठेतरी पडली. आता? जिचं टायर आत्ताच फाडलं तीच लिमोझिन घेऊन त्याला पळावं लागतं.

आमच्या चित्रपट मंडळात दहा-बाराजण हा चित्रपट पाहत होतो तेव्हा इथे एक मुलगा मोठ्याने हसला. हसणं बरोबरच आहे, तो प्रसंग हसवतो. पण हसू ओसरल्यावर हिशोब कर. किल्ली राहिली म्हणजे गाडी राहिली. गाडी राहिली म्हणजे तिची कागदपत्रं राहिली. कागदपत्रांवरचा पत्ता बहिणीच्या घराचा. बहीण तिथे दोन लहान मुलींना घेऊन राहते. हसलेल्या मुलाचं तोंड पुढच्या पंधरा मिनिटांत उतरलेलं मी पाहिलं. एका पडलेल्या किल्लीतून चित्रपटाचा उरलेला सगळा भाग निघतो. तू विचारलंस ना, सूड झाल्यावर उरलेला सिनेमा कशासाठी? त्या किल्लीसाठी.

बहिणीचं पात्र तू एका ओळीत उडवून लावलंस, ‘रडकी’ म्हणून. तिथे मात्र मला राग आला. तो खून करून आल्याचं सांगतो तेव्हा ती आधी दचकत नाही. मेलेल्याला यातना झाल्या असतील अशी आशा ती बोलून दाखवते. म्हणजे तिच्याही पोटात तीच आग होती. पण तिने ती आग झाकून ठेवून नोकरी केली, मुली वाढवल्या, घर चालवलं. मग दोघांच्याही लक्षात येतं की टीव्हीवर खुनाची बातमीच नाही. क्लीलँडांनी पोलिसांना कळवलेलंच नाही, याचा अर्थ ते स्वतः येणार. त्या क्षणी तिचा चेहरा बघ. ती भावाला जे सुनावते त्याचा मथितार्थ असा की तुझं डोकं फिरलेलं असतं तर मी क्षमा केली असती, पण तू वेडा नाहीस, तू दुबळा आहेस. सुडाला आपण पराक्रम म्हणत आलो. इथे सख्खी बहीण त्याला दुबळेपणा म्हणते, आणि हे म्हणायचा अधिकार फक्त तिला आहे, कारण मेलेले आईबाप तिचेही होते. हे वाक्य बाहेरच्या कुणाच्या, पाद्र्याच्या किंवा पोलिसाच्या तोंडी घातलं असतं तर ते प्रवचन झालं असतं. संवाद कुणाच्या तोंडी द्यायचा हे ठरवणं म्हणजे अर्धं लेखन, हे मी तुला शिबिरातही सांगितलं होतं.

हे सगळं घडतं ते अमेरिकेच्या पूर्व बाजूला, बरंचसं व्हर्जिनियात. तिथून पश्चिमेला डोंगरात, टग फोर्क नदीच्या काठांवर, एकोणिसाव्या शतकात हॅटफील्ड आणि मॅकॉय या दोन कुटुंबांचं वैर चाललं होतं. दोन्हीकडची माणसं वर्षानुवर्षं मरत राहिली आणि ते नाव तिथे आजही वैराला प्रतिशब्द म्हणून वापरतात. चित्रपट त्या वैरावर बेतलेला नाही. पण पोलिसांना कळवायचं नाही, आपलं आपण बघून घ्यायचं, ही क्लीलँडांची रीत कुठल्या मातीतली आहे ते समजायला एवढं माहीत असलेलं बरं. आपल्याकडच्या भावकीच्या भांडणात वाढलेल्या माणसाला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता तो बनला कसा तेही सांगतो, कारण तू स्वतः कॅमेरा हातात घेणार आहेस आणि ‘बजेट नाही’ हे तुझं पालुपद मी चार वेळा ऐकलंय. सोल्निए आणि ड्वाइटची भूमिका करणारा मेकन ब्लेअर हे लहानपणापासूनचे दोस्त, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाचे. पोरवयात व्हिडिओ कॅमेऱ्यावर एकत्र सिनेमे करायचे. सोल्निएचा पहिला मोठा चित्रपट २००७ साली आला, पण त्यानंतर दारं उघडली नाहीत. तो दुसऱ्यांच्या चित्रपटांचं छायाचित्रण करून पोट भरत राहिला. शेवटी त्याने ठरवलं की आता आपल्या हाताशी जे आहे त्यातूनच लिहायचं. हाताशी काय होतं? हा दोस्त, ज्याला कुणी नायक म्हणून घेणार नाही असा चेहरा असलेला. नातेवाइकांची घरं. आणि घरची एक जुनी निळी पॉन्टियाक. ती गाडी आधी होती, कथा तिच्याभोवती नंतर आली.

पैसे उभे करताना बायकोच्या निवृत्तीसाठी साठवलेल्या रकमेला हात लावला, क्रेडिट कार्डं वापरली, आणि किकस्टार्टर या वर्गणी गोळा करायच्या संकेतस्थळावर लोकांकडून सदतीस हजार डॉलरांच्या वर जमवले. एकूण खर्च सुमारे ४ लाख २० हजार डॉलर. तिथल्या हिशोबाने ही अगदीच किरकोळ रक्कम. लेखन, दिग्दर्शन आणि छायाचित्रण तिन्ही त्याने स्वतःच केलं. संगीत मेकनच्या दोघा भावांचं. २०१३ साली तो चित्रपट फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात, ‘डिरेक्टर्स फोर्टनाइट’ या विभागात दाखवला गेला आणि समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, फिप्रेसीचा, पुरस्कार घेऊन आला.

पुरस्कारामुळे तो मोठा ठरतो असं मी म्हणत नाही. मला दाखवायचंय ते वेगळं. नायक अननुभवी आहे, कारण त्या चेहऱ्याला तेच शोभत होतं. मारामाऱ्या आखूड आणि ओबडधोबड आहेत, कारण लांबलचक मारामारीला पैसा लागतो. एकटा माणूस रिकाम्या खोल्यांतून फिरतो, कारण गर्दी परवडत नव्हती. आणि यातली प्रत्येक अडचण त्याने कथेच्या आत घेतली, म्हणून ती बघणाऱ्याला अडचण वाटतच नाही. तू मला लिहितेस की पाठलागाचं दृश्य ड्रोन नसल्यामुळे जमणार नाही. ड्रोन नाही तर पाठलाग करणाऱ्याला वाट चुकू दे ना!

संकलनावर थोडं बोलू दे, माझं आयुष्य त्या टेबलापाशी गेलंय. ड्वाइटच्या मांडीत क्रॉसबोचा, म्हणजे चाप ओढून सोडायच्या धनुष्याचा, बाण घुसतो तो भाग काढ. तो दुकानातून सामान घेतो, सगळं नीट मांडून बसतो. आपण शेकडो चित्रपटांत पाहिलंय की नायक दातांत पट्टा धरतो, ओरडतो, गोळी काढतो, वर दारू ओततो आणि पुढच्या दृश्यात धावतो. इथे कॅमेरा त्या तयारीला भरपूर वेळ देतो, इतका की आपण मनातल्या मनात पुढचं दृश्य लावून टाकतो. मग तो बाणाला हात घालतो, कळवळतो, आणि कट. हॉस्पिटलचं दार, त्यातून लंगडत आत येणारा ड्वाइट, आणि तो कोसळतो. बस्स. एका कटमध्ये माणसाची हार, शरीराचं सत्य आणि बघणाऱ्याची जुनी सवय, तिन्ही उघडी पडतात. तो प्रयत्न आणखी अर्धा मिनिट दाखवला असता तर किळस आली असती. आधीच तोडला असता तर विनोद झाला असता. कुठे तोडायचं हे कळायला मला बारा वर्षं लागली, आणि तरी मी हा कट पाहिला की अजून वही काढतो.

सगळंच मला पटतं असं समजू नकोस. शाळेतला जुना मित्र येतो तिथे चित्रपट थोडा सैल पडतो असं मला वाटतं. त्या मित्राकडे बंदुका आहेत, त्याला त्या नीट चालवता येतात, आणि अगदी गरजेच्या क्षणी दूरवरून अचूक गोळी येते. तोपर्यंत ज्या जगात काहीच धड होत नव्हतं तिथे अचानक एक गोष्ट फार सोयीची होते. मित्राचं माणूसपण, त्याचं प्रश्न न विचारता मदत करणं, मला आवडतं. ती गोळी आवडत नाही. आणि क्लीलँडांच्या घरातल्या बायका मला अपुऱ्या वाटल्या. त्या बंदुका उचलतात, पण त्यांच्या घरात काय शिजतं, त्या रात्री कशा झोपतात, हे मला बघायचं होतं. यावर तुझं मत वेगळं असेल तर जरूर लिही, मला वाद घालायला आवडेल.

पण ड्वाइटने गाडीच्या डिकीत कोंडलेला क्लीलँडांपैकी एक माणूस जे सांगतो ते विसरू नकोस. ज्याला ड्वाइटने मारलं त्याने तो खून केलेलाच नव्हता. केला होता त्याच्या बापाने. बाप कर्करोगाने मरायला टेकलेला, म्हणून पोराने गुन्हा अंगावर घेतला आणि तुरुंगात गेला. म्हणजे मारणारा आपल्या बापासाठी मारत होता आणि मरणाराही आपल्याच बापासाठी इतकी वर्षं आत बसला होता. चित्रपट हे चढ्या आवाजात सांगत नाही. डिकी उघडी, वैतागलेला एक माणूस बोलतोय, आणि ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकतेय.

हे ऐकताना मला अश्वत्थामा आठवतो. तोही बापासाठी निघाला होता. द्रोणांना ज्या रीतीने मारलं त्याचा सूड म्हणून रात्री पांडवांच्या छावणीत शिरला, झोपलेल्यांना कापत गेला, आणि त्यात द्रौपदीची पाच पोरं गेली. मग कपाळावरचा मणी गेला आणि भळभळती जखम घेऊन भटकणं नशिबी आलं. आपल्याकडे नंदुरबारच्या बाजूला, सातपुड्यात, अस्तंभ्याचा डोंगर आहे. दिवाळीत तिथे यात्रा भरते, आदिवासी बांधव रात्री तो डोंगर चढतात. अश्वत्थामा अजून त्या रानात फिरतो आणि भेटेल त्याच्याकडे जखमेसाठी तेल मागतो, अशी श्रद्धा आहे. आपल्या लोकांनी महाभारतातल्या एवढ्या मोठ्या योद्ध्याचं काय लक्षात ठेवलं बघ: तेल मागणं. त्याचं धनुष्य नाही, अस्त्रं नाहीत. दारोदार तेल मागत फिरणारा माणूस. ड्वाइट मांडीत बाण घेऊन दुकानातून औषधं गोळा करत फिरतो तेव्हा मला तोच दिसतो.

म्हणून तू जेव्हा लिहितेस की शेवटी मोकळं वाटलं नाही, तेव्हा मला त्यात चित्रपटाचा दोष दिसत नाही. मोकळं वाटावं अशी सोय त्याने कुठेच ठेवलेली नाही. आणि तरी बघ, त्याने आपल्याला ड्वाइटचा तिटकाराही येऊ दिला नाही. दाढी काढल्यावर त्याचा चेहरा दिसतो तो किती पोरकट, घाबरलेला, ऑफिसात फायली सांभाळणाऱ्या एखाद्या साध्या माणसासारखा. तिथे मला दर वेळी गलबलून येतं. या माणसाचं आयुष्य असं असायला हवं होतं: डबा, बस, रविवार.

नावाचंही सांगतो, तू विचारलं होतंस. ‘ब्लू रुइन’ हा हलक्या प्रतीच्या जिन दारूसाठी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत रूढ असलेला बोलीतला शब्द. सत्यानाश असाही त्याचा अर्थ होतो. इथे तो थेट त्या निळ्या गाडीवर येऊन बसतो.

आता एक कर. रविवारी पुन्हा बघ. मोबाइलवर नको, तो चित्रपट काळोखाचा आहे, उन्हात बसून बघशील तर काहीच दिसणार नाही. खोलीत अंधार कर, कानाला हेडफोन लाव. पहिली वीस मिनिटं एकदा नेहमीसारखी बघ आणि मग तीच वीस मिनिटं आवाज बंद करून बघ. दुसऱ्या वेळी चेहऱ्याकडे बघूच नकोस, हातांकडे बघ. तो काय उचलतो, कुठे ठेवतो, काय विसरतो, हे वहीत लिहीत जा. मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा माझं दीड पान भरलं होतं. दीड तासाचा तर चित्रपट आहे, तुझा रविवार काही वाया जाणार नाही. आणि बघून झालं की लगेच कुणाचं परीक्षण वाचू नकोस. दोन दिवस जाऊ दे. तुझ्या पोटातला तो गोळा तुझाच राहू दे तोवर.

रक्तासाठी मात्र तो बघू नकोस, आणि रक्तासाठी तो कुणाला दाखवूही नकोस. शिबिरातली काही मुलं अशा चित्रपटांतून फक्त वार मोजतात, हे मी पाहिलंय आणि मला ते फार लागतं. वार चारच असले तरी चालतील, पण प्रत्येकाचं ओझं कुणाला तरी उचलावं लागतं, ते उचलणारा माणूस शोधायला शिक.

तुझ्या पटकथेबद्दल. भाषा छान आहे, गाव खरं आहे, आजीचं पात्र तर फारच सुरेख, ती चुलीपुढे बसून पोळीच्या कडा दाबते तिथे मी थांबून पुन्हा वाचलं. अडचण पान अकरापासून सुरू होते. तुझा नायक पुण्याहून गावाकडे येतो, रात्री सरपंचाच्या मळ्यावर जातो, कोयत्याचा एकच वार, आणि मोटारसायकलला किक मारून निघून जातो. पुढची सात पानं तो नदीकाठी बसून आईची आठवण काढतो. त्याने कोयता कुठून आणला? शेजाऱ्याचा असेल तर शेजारी सकाळी तो शोधणार. मळ्यावर कुत्रं नव्हतं का? किक पहिल्याच दणक्यात बसली का, थंडीच्या दिवसांत? नदीकाठची ती सात पानं काढून टाक असं मी म्हणत नाही, पण त्याला तिथे नुसतं बसू देऊ नकोस. त्याच्या शर्टाचं काय करायचं हा प्रश्न त्याच्यापुढे आहे, आणि पाणी तर समोरच आहे.

हे सगळं सवडीने कर, मला पुढच्या महिन्यापर्यंत घाई नाही. एका प्रश्नाचं उत्तर मात्र लगेच पाठव, कारण मला वाटतं तुझा पुढचा खर्डा तिथूनच सुरू होईल. ती मोटारसायकल कुणाच्या नावावर आहे?

तुझे
सर